मंगळवारचा आकडा

एका गोळीवर वार्षिकांकात लेख लिहावा, आणि तोही कला शाखेच्या विद्यार्थिनीने, याचे संपादक मंडळाला नवल वाटेल. आमच्यापैकी बहुतेकजण पाऊस, आई, एसटीचा प्रवास नाहीतर हरवलेले बालपण यांवर लिहितात. प्रथम वर्षाला असताना मीही पावसावरच लिहिले होते. परंतु गेली अडीच वर्षे आमच्या घराचे वेळापत्रक, आमचे सणवार, इतकेच काय पण आजीच्या उपासांचा हिशेबसुद्धा ज्या एका वस्तूने ठरविला, ती म्हणजे क्लोझापीन नावाची फिक्या पिवळ्या रंगाची एक गोळी. तिच्याविषयी जे वाचले, डॉक्टरांना विचारले आणि डोळ्यांनी पाहिले ते सांगावे असे मनात आहे. ज्यांच्यासाठी ती गोळी घरात आली त्या बापूकाकांची परवानगी घेतली आहे. ते म्हणाले, "लिही. पण मला बिचारा करू नकोस."

बापूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. २००४ साली ते आपल्याच महाविद्यालयात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय अर्थशास्त्र. त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांना आवाज ऐकू येऊ लागले. वर्गात सर शिकवीत असताना मागच्या बाकावरून कोणीतरी आपल्याविषयीच बोलते आहे असे त्यांना वाटे. मग ते आवाज घरी आले, मग शेतात, जिथे मागे बाभळीखेरीज काही नव्हते. परीक्षेला ते बसलेच नाहीत. या आजाराला स्किझोफ्रेनिया म्हणतात. मराठी पुस्तकांत 'छिन्नमनस्कता' असा भारदस्त शब्द आढळतो, आणि त्यामुळे एका देहात दोन माणसे असतात असा पुष्कळांचा समज होतो. तसे काही नसते. माणूस एकच असतो, फक्त त्याला जे ऐकू येते ते इतरांना येत नाही, आणि हळूहळू त्याचे बोलणे, उठणे-बसणे, इच्छा, सारेच आटत जाते. त्याच २००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा याच आजारावरचा चित्रपट आला. अतुल कुलकर्णींचे त्यातील काम पुढे मी पाहिले. आमच्या घरी त्या वर्षी कोणी थिएटरात जाण्याच्या स्थितीत नव्हते.

आधी जे व्हायचे तेच झाले. देवदेवस्की झाली, अंगारा झाला, एका नातेवाइकाने लग्न करून देण्याचा तोडगा सुचविला. तो आजीने मोडून काढला, त्याबद्दल मी तिची कायमची ऋणी आहे. पुढे मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. पहिल्या औषधाने ओरडणे थांबले, पण मान एका बाजूला ओढली जाऊ लागली आणि हातपाय लाकडासारखे झाले. माझ्या लहानपणच्या आठवणीतील बापूकाका असेच आहेत: पाय घासत चालणारे, कप धरताना बोटे थरथरणारे. दुसऱ्या औषधाने ताठरपणा गेला. आवाज मात्र तसेच राहिले.

इथे थोडा इतिहास सांगावा लागतो. वेडावर गोळीने इलाज होऊ शकतो हे जगाला कळले ते १९५२ साली, पॅरिसमध्ये, क्लोरप्रोमाझीन या औषधामुळे. त्यानंतर त्याच जातीची औषधे पुष्कळ निघाली आणि त्या सगळ्यांनी अंग ताठरे, हात कापत. गंमत अशी की, हा ताठरपणा म्हणजेच औषध लागू पडल्याची खूण, अशी त्या काळी पुष्कळ डॉक्टरांची समजूत झाली. आमची आजी काढ्याविषयी असेच बोलते. तोंड वाकडे झाले नाही तर गुण कसला यायचा! १९५८ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथील वांडर कंपनीच्या प्रयोगशाळेत क्लोझापीन तयार झाले. त्याने रुग्ण शांत होत, विचार ताळ्यावर येत, आणि अंग मात्र ताठरत नसे. असे असूनही हे मनोविकारावरचे औषध कसे, असा संशय जाणत्यांनाही आला. नेहमीच्या चालीचे नाही म्हणून त्याला 'ॲटिपिकल' म्हणू लागले. आज त्या नावाखाली डझनभर औषधे मिळतात, पण ती सारी याच्या मागून आलेली. आजाराने एखाद्याला 'वेगळा' ठरविल्याचे आपण नेहमी पाहतो. इथे औषधच वेगळे निघाले, ही गोष्ट बापूकाकांना फार आवडली होती.

१९७२ पासून ते युरोपातल्या काही देशांत विकले जाऊ लागले. १९७५ साली फिनलंडमध्ये ते आले आणि काही महिन्यांतच सोळा रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या. त्यांतले आठ दगावले. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल नावाच्या ज्या पेशी असतात त्या शरीराच्या रखवालदार. त्या नसल्या की साधा घसा धरला तरी जंतू सरळ रक्तात शिरतात. या अवस्थेला ॲग्रॅन्युलोसायटोसिस म्हणतात. बऱ्याच देशांनी औषध मागे घेतले, काहींनी कडक अटींवर ठेवले. तिथेच त्याची कथा संपायची. पण ज्यांच्यावर दुसरे कुठलेच औषध चालत नव्हते अशा रुग्णांना त्याने उठवून बसविलेले काही डॉक्टरांनी पाहिले होते, आणि पाहिलेले विसरायला ते तयार नव्हते. १९८८ साली अमेरिकेत जॉन केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २६८ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. हे सारे रुग्ण इतर औषधांना दाद न दिलेले. सहा आठवड्यांत क्लोरप्रोमाझीनने शंभरांतल्या चौघांना बरे वाटले, क्लोझापीनने तिसांना. तीस म्हणजे काही फार नाहीत, सत्तरजण राहिलेच. पण चार आणि तीस यांतला फरक ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना समजावून सांगावा लागत नाही. पुढच्याच वर्षी, १९८९ साली, अमेरिकेने मान्यता दिली. अट एकच, रक्त तपासत राहायचे. सुरुवातीला कंपनीने औषध आणि तपासणी यांची मोट बांधून वर्षाला सुमारे नऊ हजार डॉलर आकारले आणि त्यावरून कोर्टकज्जे झाले. आपल्याकडे गोळी स्वस्त आहे; आम्हांला गोळ्यांपेक्षा एसटी आणि तपासणीचाच खर्च अधिक आला.

दोन निरनिराळी औषधे, पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे देऊनही गुण आला नाही तर क्लोझापीनचा विचार करावा असा नियम आहे. असे रुग्ण साधारण तीनांत एक असतात. बापूकाकांना हा नियम लागू होऊन किती वर्षे झाली होती याचा हिशेब मी करीत नाही. नवे डॉक्टर सांगलीत भेटले, त्यांनी सगळ्या घराला समोर बसवून दोन तास समजावून सांगितले आणि १३ जून २०२३, मंगळवारी, अर्ध्या गोळीने, म्हणजे साडेबारा मिलिग्रॅमने सुरुवात झाली. एकदम पूर्ण मात्रा दिली तर रक्तदाब कोसळतो, झोपेतून माणूस उठत नाही, म्हणून पायरीपायरीने चढायचे. आणि दोन दिवसांहून अधिक खंड पडला तर पुन्हा पहिल्या पायरीवर उतरायचे. वडिलांनी त्यासाठी भिंतीवर कॅलेंडर लावले. गोळी दिली की त्यावर ठिपका.

पहिले अठरा आठवडे सर्वांत जपायचे, कारण पांढऱ्या पेशी घसरण्याचा धोका तेव्हाच अधिक. शंभरांत साधारण एकाला तो होतो. म्हणून दर मंगळवारी तासगावहून सांगलीला रक्त द्यायला जायचे. वडील बेदाण्याच्या शीतगृहात हिशेबनीस, त्यांना सौद्याच्या दिवसांत रजा मिळत नाही, आईला संधिवात. मग मी जाऊ लागले. माझे तास मंगळवारी उशिरा सुरू होत आणि त्याच वर्षी मार्चपासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट झालेले, तेव्हा घरच्या अर्थकारणातही मीच बसत होते. संध्याकाळी फोनवर न्यूट्रोफिलचा आकडा यायचा. बापूकाका बसमध्येच विचारीत, "गेल्या मंगळवारी आकडा किती आला होता गं?" एके दिवशी कंडक्टरने तिकीट फाडता फाडता हळूच खाली वाकून विचारले, "दादा, कल्याण का मुंबई?" त्यांना आम्ही मटक्यातले वाटलो. बापूकाका हसले. तसे हसलेले मी त्यांना त्याआधी पाहिले नव्हते. "चार हजार तीनशे," ते म्हणाले, "रक्ताचा."

आठवा मंगळवार ८ ऑगस्टला आला. अधिक श्रावण चालू होता, त्यामुळे आजीचे उपास नेहमीच्या दुप्पट. त्या संध्याकाळी आकडा आला सतराशे. आदल्या आठवड्यात तो साडेतीन हजार होता. डॉक्टर फोनवर म्हणाले, दीड हजाराच्या आत गेला तर फार सावध व्हायचे, हजाराच्या आत गेला तर थांबवायचे. सध्या गोळी चालू ठेवा, शुक्रवारी पुन्हा या, आणि सकाळी उपाशीपोटी धावत येऊ नका, दुपारी या, थोडे चालून आल्यावर रक्त द्या. सकाळी या पेशींचा आकडा कमी येतो, दुपारी वाढतो, हे मला तेव्हा कळले. हा आकडासुद्धा एकसारखा नसतो, दिवसाच्या वेळेप्रमाणे त्याची भरती-ओहोटी असते.

त्या रात्री घरात कोणी जेवले नाही. आई म्हणाली, बंद करा ही गोळी, माणूस आहे तसा राहील, पण राहील तरी. वडील काही बोलले नाहीत. त्यांच्या मनात काय होते ते मला माहीत होते. आमच्या रानातील विहिरीवर त्यांनी २०१९ साली लोखंडी जाळी बसवून घेतली. गावातल्या विहिरींना अशी जाळी नसते. मुले पडू नयेत म्हणून, असे ते सांगत; पण आमच्या रानात मुले येत नाहीत. या औषधाच्या नावावर आणखी एक गोष्ट जमा आहे. ९८० रुग्णांना दोन वर्षे एकतर क्लोझापीन किंवा ऑलान्झापीन देऊन केलेल्या अभ्यासात क्लोझापीन घेणाऱ्यांत आत्महत्येचे प्रयत्न कमी झाले, आणि २००२ साली अमेरिकेत त्या कारणासाठीही ते देण्यास मान्यता मिळाली. तेव्हा एका पारड्यात सतराशे हा आकडा आणि दुसऱ्यात ती जाळी, असे तोलायचे होते. माझ्या मते औषधाच्या 'सुरक्षिततेची' चर्चा करताना हे दुसरे पारडे आपण मांडतच नाही. गोळीने होणारे नुकसान कागदावर लिहिलेले असते. गोळी न घेतल्याने होणारे कुठेच लिहिलेले नसते.

बापूकाका सगळे ऐकत होते. त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी बोलायची आमच्या घराला वीस वर्षांची सवय. ते म्हणाले, "दादा, मला कोणी विचारणार आहे का?" वडिलांनी मान वर केली. "आवाज गेले नाहीत," बापूकाका म्हणाले, "पण पूर्वी कानाशी बसायचे, आता मागच्या बाकावर जाऊन बसलेत. ते परत पुढे यायला नकोत. शुक्रवारी रक्त देतो, मग बघू."

शुक्रवारी दुपारी आकडा तेवीसशे आला, पुढच्या खेपेस तीन हजार.

त्या वर्षी गणेश चतुर्थी नेमकी मंगळवारी होती, १९ सप्टेंबरला, म्हणून रक्त सोमवारीच देऊन आलो. दुसऱ्या दिवशी आमच्या गावचा रथोत्सव. दुपारी रथ ओढायला माणसांचा समुद्र लोटलेला, गुलाल, खोबऱ्याच्या उधळणीत रस्ता दिसत नाही, आणि बापूकाकांचा घसा दुखायला लागून अंगात ताप भरला. एरवी आमच्याकडे तापाला मिठाच्या गुळण्या आणि क्रोसीन. पण डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावले होते की, ताप आला, घसा धरला तर तासभरही थांबायचे नाही, आधी रक्त. सोमवारचा आकडा चांगला होता, हे खरे. पण सोमवारचा आकडा सोमवारचा. वडिलांनी मागच्या बोळाबोळांतून मोटारसायकल काढली. सांगलीला रात्री रक्त तपासले, छातीची पट्टीही काढली, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत हे औषध क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज आणते आणि तिची सुरुवातही तापासारखीच होते. आकडा चार हजार शंभर. साधा फ्लू होता. वडील म्हणतात, उभ्या आयुष्यात फ्लू झाल्याचा आनंद त्यांना त्या एकाच रात्री झाला.

रक्ताचे एवढे पुराण झाल्यावर वाचकांना वाटेल की धोका तेवढाच. प्रत्यक्षात रोजच्या सोसण्यातील गोष्टी निराळ्या आहेत. झोप अशी की सकाळी नऊला उठवावे लागते. रात्री लाळ गळते, उशीवर टॉवेल पसरावा लागतो. अकरा किलो वजन वाढले. साखर काठावर आली, म्हणून ज्या गावात बेदाण्याची रास पडते त्या गावात त्यांना बेदाणा मोजून मिळतो. मात्रा फार वाढली तर फिटही येऊ शकते. पण डॉक्टरांना खरी काळजी होती ती ज्याविषयी चारचौघांत कोणी बोलत नाही त्याची, म्हणजे बद्धकोष्ठाची. हे औषध आतड्यांची हालचाल मंद करते; काहींची इतकी की आतडेच बंद पडते, आणि रुग्णाला पोट दुखल्याचेही फारसे कळत नाही. यातून माणसे गेलेली आहेत. २०२० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दलचा इशारा आणखी कडक केला. आता आमच्या घरी आजी रोज सकाळी ओसरीवरून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, "बापू, झाली का रे?" आणि शेजारचे काका त्यांच्या ओट्यावरून "माझी झाली!" असे ओरडतात. आजीने आपल्या मताने इसबगोल सुरू केला होता, तो डॉक्टरांनी बंद केला. इसबगोल फुगतो, आतडे ढकलायलाच तयार नसेल तर तो फुगून तिथेच बसतो. त्याऐवजी त्यांनी जी गोळी दिली ती सोनामुखीची निघाली. "बघा," आजी म्हणाली, "शेवटी माझ्याच बटव्यात आले."

आणि बिडी. बापूकाका रोज वीस-बावीस बिड्या ओढतात. मी प्रथम वर्षाला व्यसनमुक्तीच्या पथनाट्यात काम केले होते, तेव्हा माझा सल्ला ठरलेला होता. पण डॉक्टर म्हणाले, "सोडा, जरूर सोडा, पण मला सांगून सोडा." धुरातील काही द्रव्यांमुळे यकृत क्लोझापीन लवकर जाळून टाकते. बिडी ओढणाऱ्याला म्हणून मात्रा जास्त लागते. तो एकाएकी थांबला तर तीच मात्रा अंगात साठू लागते आणि आठवड्याभरात रक्तातील औषध दीडपट, दुप्पट होऊ शकते. दोष तंबाखूचा नव्हे, धुराचा. रुग्णालयात दाखल झाल्यावर बिडी सक्तीने सुटते आणि मग रुग्ण गुंगीत का जातो, हे त्यामुळे पुष्कळांना उमगत नाही.

अठरा आठवडे संपले, रक्त महिन्यावर आले. २०२५ साली अमेरिकेने या तपासणीची सक्तीची नोंदणी काढून टाकली, कारण तिच्या जाचापायी ज्यांना औषध हवे त्यांनाच ते मिळेनासे झाले होते. तपासत राहावे हा सल्ला मात्र तसाच आहे. आमची महिन्याची खेप चालू आहे. पाचव्या महिन्यात एका रात्री जेवताना बापूकाकांनी वडिलांना विचारले, "आज सौदा काय निघाला?" वडिलांचा घास हातात राहिला. एकोणीस वर्षांत त्यांनी घरातल्या कुणाच्याही दिवसाची चौकशी केली नव्हती. आता ते शीतगृहात रोज चार तास वजनाच्या नोंदी करतात. कंटाळा आला की घरी येतात. पदवी राहिली ती राहिलीच, आणि मागचा बाक अजून पूर्ण रिकामा झालेला नाही.

सध्या त्यांनी बिडी सोडायचे मनावर घेतले आहे. पाडव्याचा मुहूर्त धरला आहे. डॉक्टरांना कळविले आहे. गोळी टप्प्याटप्प्याने कमी करायची आणि तो महिना पुन्हा दर आठवड्याला सांगलीला जायचे, असे ठरले आहे. माझी परीक्षा त्याच सुमारास येते. बापूकाका म्हणतात, "तू पेपर दे. मी एकटा जाऊन येतो." २००४ नंतर ते एसटीत एकटे बसलेले नाहीत. आईने हो म्हटले आहे. वडिलांनी अजून उत्तर दिलेले नाही.